मूल परदेशीं निघतांना

चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. २०१८ सालच्या त्याच महिन्यांत या जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे ५ आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या जेमतेम एकतृतीयांश. मोहिमेवर मात्र १० जण गेले होते. उरलेल्या पांचांची वार्ता थोड्यांनींच विचारली असेल!

नेपाळांत जाण्यास १५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलाला मुख्याध्यापकाचा दाखला पुरतो. आईबापांची खरी चौकशी त्यापुढची. प्रकृति बिघडल्यास माघारीचा हुकूम कोण देणार, मुलानें तो न मानल्यास काय, आणि घरीं निरोप कोण धाडणार, हें संघनायकास निघण्यापूर्वींच विचारावें. उत्तर गुळमुळीत आलें तर पैसे भरूं नयेत.