खिडकीबाहेरचे झाड

मुलांनो, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींतून फक्त विटांची भिंत. रॉजर उलरिच या संशोधकाने तेथे १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. हे संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झाले. पाऊण दिवस तो काय, असे तुम्ही म्हणाल. पण खाटेवर पडलेल्या माणसाला विचारा!

झाड म्हणजे काही डॉक्टर नव्हे. मन फारच खचले, तर अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना सांगायलाच हवे. पण परीक्षेच्या काळजीने जीव घाबरला, तर पुस्तक मिटून थोडा वेळ झाडाखाली बसून पाहा. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसते?