मोझांबिकमधील यादवी युद्धाचे आर्थिक परिणाम

मोझांबिक हा आफ्रिका खंडाच्या आग्नेय किनाऱ्यावरील देश २५ जून १९७५ रोजी पोर्तुगीज राजवटीतून स्वतंत्र झाला. १९७७ ते १९९२ या काळात तेथे फ्रेलिमो पक्षाचे सरकार व रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात यादवी युद्ध झाले. रेनामोला प्रारंभी ऱ्होडेशियाचे व पुढे दक्षिण आफ्रिकेचे साहाय्य होते. युद्ध आणि त्यासोबत आलेले दुष्काळ यांत सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले, असे मानले जाते.

शेती

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी मोझांबिक काजू उत्पादनात जगात अग्रेसर होता. वार्षिक उत्पादन सुमारे २ लाख टन होते. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज व्यापारी देश सोडून गेले आणि खेड्यांतील माल खरेदी करणारी दुकाने बंद पडली. युद्धामुळे रस्तेही असुरक्षित झाले. काजूच्या झाडाला फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात. आपण गावात राहू की नाही याचीच शाश्वती नसल्यास शेतकरी नवी लागवड करीत नाही. त्यामुळे जुन्या बागा उतरणीला लागल्या आणि शांततेनंतरही उत्पादन दीर्घकाळ पूर्वपदावर आले नाही. सुमारे १७ लाख लोकांनी शेजारी देशांत आश्रय घेतला. त्यांपैकी १० लाखांच्या आसपास एकट्या मलावीत होते.

वाहतूक व गुंतवणूक

झांबेझी नदीवरील काहोरा बासा धरणाची वीज दक्षिण आफ्रिकेला विकली जाणार होती. परंतु रेनामोने वाहिन्यांचे मनोरे पाडल्याने धरण शाबूत असूनही अनेक वर्षे निर्यात ठप्प राहिली. बैरा बंदर ते झिंबाब्वे हा लोहमार्ग चालू ठेवण्यासाठी झिंबाब्वेला स्वतःचे सैन्य पाठवावे लागले. समुद्रकिनारा नसलेल्या या शेजाऱ्यांचा माल दक्षिण आफ्रिकेच्या दूरच्या बंदरांकडे वळला आणि मोझांबिकचे वाहतुकीचे उत्पन्न घटले.

युद्धोत्तर काळ

४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे शांतता करार झाला. पुढे परकीय भांडवल आले. मापुतोजवळ मोझाल हा ॲल्युमिनियम प्रकल्प उभा राहिला. मात्र अशा प्रकल्पांचा खेड्यांतील शेतीला फारसा लाभ झाला नाही. पेरलेले भूसुरुंग काढून देश सुरुंगमुक्त घोषित होण्यास सप्टेंबर २०१५ उजाडला. करारानंतरची ही २३ वर्षे युद्धाच्या १५ वर्षांहूनही अधिक आहेत.