दहातलं हरवलेलं एक नाणं



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचतीची रक्कम मोजून झाली, वहीत नोंद झाली, चहा आला आणि बोलता बोलता विषय देवावर गेला. गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. त्या म्हणाल्या, "देवाची माझ्यावर प्रीती आहे, म्हणून मी आजवर उभी आहे." शेजारी एक ताई बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले. त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या जगात देवाला माझं नाव तरी ठाऊक असेल का?"

कोणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आज आपण हाच विषय घेतला आहे. कोणी कोणता धर्म पाळावा, हे आम्ही सांगत नाही. आपल्याच गटातली एक बाई कशाच्या आधारावर उभी आहे, ते आपण समजून घेऊ.

देव जवळचा आहे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. विठोबाला आपण माउली म्हणतो. जनाबाईबरोबर तो दळायला बसला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ख्रिस्ती श्रद्धेत येशूने देवाला बाप म्हणायला शिकवलं. हा बाप सगळ्या जगावर प्रेम करतो, आणि एकेकाला वेगवेगळं ओळखतो, असं ख्रिस्ती लोक मानतात.

येशूने याची एक गोष्ट सांगितली, ती आपल्या घरातलीच वाटते. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी होती. त्यातलं एक हरवलं. नऊ आहेत ना, असं म्हणून ती गप्प बसली नाही. तिने दिवा लावला, घर झाडून काढलं, कोपरा न् कोपरा शोधला. नाणं सापडलं तेव्हा तिने शेजारणींना आणि मैत्रिणींना बोलावून आनंद केला. देव माणसाला असाच शोधतो, असं येशूला सांगायचं होतं. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. हरवलेलं नाणं स्वतः काहीच करत नाही. ते धुळीत पडलेलं असतं, तरी त्याची किंमत कमी होत नाही.

बँक आपली पत पाहते, मग कर्ज देते. ख्रिस्ती विश्वासात देवाची प्रीती पत पाहून मिळत नाही. ती आधी मिळते, आणि त्यातून माणूस बदलायला लागतो. येशूने वधस्तंभावर प्राण दिला तो माझ्यासाठीसुद्धा, असं प्रत्येक ख्रिस्ती माणूस म्हणतो. त्याच्या दृष्टीने या प्रेमाची सगळ्यात मोठी खूण तीच.

आता आपल्या महाराष्ट्रात राहिलेल्या एका बाईंची हकीकत ऐका. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडिलांनी त्यांच्या आईला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच, 1882 साली, पती वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. रमाबाई मोठ्या विदुषी होत्या, पण आपण वाचलेल्या ग्रंथांत बाईला पुरुषासारखा मोक्ष नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलम इथे ख्रिस्ती भगिनी एक आश्रम चालवत होत्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळत. रमाबाईंना नवल वाटलं. तुम्ही यांच्यासाठी एवढं का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाणी भरायला आली. तिथे येशू बसला होता. त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत, म्हणून बाई चकित झाली. तिचे पाच नवरे झाले होते आणि आता ती ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता. हे सगळं येशूने तिला सांगितलं, पण तिला हिणवलं नाही. देवाची खरी भक्ती म्हणजे काय, हे तो तिच्याशी बोलत बसला. बाई घागर तिथेच टाकून गावात धावत गेली आणि लोकांना बोलावून आणलं. आपलं सगळं माहीत असूनही जो आपल्याला दूर लोटत नाही, असा कोणी तिला भेटला होता. रमाबाईंच्या मनाला हेच भिडलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1907 साली रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिली. त्यात त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. वाचन होतं, प्रार्थना होती, तरी मनाला शांती नव्हती. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपण योग्य व्हायची वाट पाहायला नको. आहोत तशाच देवाकडे जाऊ शकतो. तेव्हा त्यांचं मन भरून आलं.

मग त्यांनी ते प्रेम वाटलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवत. कुठेच थारा नसलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं.

देवाचं प्रेम मिळालं म्हणजे दुःख टळलं, असंही नाही. 1921 साली मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांनी डोळे मिटले.

आम्ही गटातल्या ख्रिस्ती ताईंना विचारलं, "हे प्रेम रोजच्या जगण्यात कळतं कसं?" त्या म्हणाल्या, "पहाटे चूल पेटवताना मी देवाशी साध्या शब्दांत बोलते. राग आला तर तोही सांगते. बायबलमधला थोडा भाग वाचते. रविवारी मंडळीत गेलं की कोणीतरी विचारतं, बाई, कशी आहेस? कधी कधी काहीच जाणवत नाही. तरी त्याने मला सोडलेलं नाही, हे मी धरून राहते."

त्या दुसऱ्या ताई सगळं ऐकत होत्या. आपल्याला पटलं की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ती नाण्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगा."

त्या दिवशी आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या. हजेरी घेताना अमक्याची सून, तमक्याची बायको असं म्हणायचं नाही, प्रत्येकीचं स्वतःचं नाव घ्यायचं. आणि दहाजणींतली एक आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन यायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एकदा मोजून बघा. कोण येत नाही? आणि तिला शोधायला शेवटचं कोण गेलं होतं?