सर्चमध्ये रत्नागिरी, पेटीत कोण?

एप्रिल उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर आंब्याचे मेसेज सुरू होतात. पाच मिनिटांत पेटी बुक! पण ज्या गावाच्या नावावर आपण पैसे मोजतो, त्या गावचा माणूस या व्यवहारात असतो तरी का? भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन घेतलेला हा कानोसा.

गुगलवर नुसतं 'रत्नागिरी हापूस' टाइप करून बघा. ढीगभर साइट्स समोर येतात. 'थेट बागेतून', 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला', 'घरपोच'. सगळीकडे तेच केशरी आंबे आणि तीच पेंढ्याची पेटी. आपण एका विंडोत एक्सेल शीट उघडी ठेवतो, दुसऱ्या विंडोत आंबा. बॉस केबिनमधून बाहेर यायच्या आत पेमेंटसुद्धा होऊन जातं. आता मला सांगा, यातला रत्नागिरीचा कुठला आणि दुसरीकडून आलेला कुठला, हे स्क्रीनकडे बघून ओळखणार कसं?

हाच प्रश्न घेऊन मी भाट्यात पोचले. रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याला लागलं की काजळी नदीच्या मुखावरचा भाट्याचा पूल येतो. पलीकडे लांबलचक पुळण, सुरूचं बन आणि झरी विनायकाचं देऊळ. वीकेंडला फिरायला येणाऱ्यांना भाट्ये माहीत आहे ते एवढंच. पण हाच रस्ता पुढे आंब्याच्या बागांत शिरतो. आणि इंटरनेटनं धंद्याचं नक्की काय केलं, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं आयटी पार्कातही दिसत नाही.

मार्का आणि पट्टी

पूर्वी हिशेब सोपा होता. आणि एकतर्फीही. बागायतदार आंबा काढायचा, लाकडी पेटीत पेंढा घालून भरायचा, पेटीवर आपला मार्का मारायचा आणि ट्रकनं वाशी मार्केटला पाठवायचा. तिथे भाव काय मिळाला, हे नंतर दलालाकडून आलेली 'पट्टी' सांगायची. पट्टीवरचा आकडा तोच खरा. विचारणार कोणाला? हंगामाआधी फवारणीसाठी अनेकांनी त्याच दलालाकडून उचल घेतलेली असायची, म्हणजे तोंड उघडायचीही सोय नाही. आजही बराच आंबा याच वाटेनं जातो.

पण त्या मार्क्यात एक गंमत होती. मुरलेला व्यापारी पेटी न उघडता, नुसता मार्का बघून सौदा करायचा. अमक्याची पेटी म्हणजे खालच्या थरातही वरच्यासारखंच फळ, हे त्याला ठाऊक असायचं. म्हणजे बघा, 'ब्रँड व्हॅल्यू' हा शब्द एमबीएच्या पुस्तकातून आपल्याकडे येण्याआधी ती चीज कोकणातल्या लाकडी पेटीवर होती! फक्त तिची ओळख मार्केटपुरती. पेटी फोडून डझनाच्या भावानं आंबा विकला गेला की गिऱ्हाइकाला ना मार्का कळायचा, ना बागायतदार.

२०१६ : दोन दारं उघडली

मग २०१६ साल आलं. जुलैमध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतमाल मार्केटच्या बाहेर थेट विकायची वाट कायद्यानं मोकळी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि मोबाइलवरून पैसे द्यायची सवय हळूहळू सगळ्यांना लागली. माल पाठवायची मुभा आणि पैसे हातात पडायची सोय, दोन्ही एकाच वर्षात.

तरी खरा धक्का दिला तो २०२०नं. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा आंबा झाडावर तयार होत होता. मार्केटचा भरवसा नाही, आणि फळ काही थांबणार नाही. मग मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप कामाला लागले. बिल्डिंगची एकत्र ऑर्डर, टेम्पो थेट गेटवर, पैसे मोबाइलवर. अनेक बागायतदारांना आपला आंबा खातो कोण, हे पहिल्यांदा कळलं. भावही पहिल्यांदा त्यांनीच सांगितला!

काकूंचं कॉल सेंटर

भाट्याहून पावसच्या बाजूला एका बागायतदारांच्या घरी गेले. काका बागेत होते. पण 'ऑफिस' सांभाळतात काकू. ऑफिस म्हणजे माजघरातला पलंग, चार्जिंगला लावलेले दोन फोन आणि एक जाडजूड वही. फोनवर ऑर्डर आली की ती वहीत उतरते : नाव, पत्ता, किती डझन, पैसे आले की यायचेत. हे डबल काम कशाला, असं मी विचारलं. उत्तर होतं, तौक्ते. मे २०२१मध्ये ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा झाडावरचं फळ गेलं, वीज गेली आणि नेटवर्कही गेलं. फोन आडवे झाले, वही मात्र उभी. घ्या, याला म्हणतात बॅकअप!

हंगामात हे कॉल सेंटर पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असतं. पेटी कुठे पोचली? पिकायला किती दिवस? फ्रिजमध्ये ठेवू का? (नको. पिकेपर्यंत तर अजिबात नको!) आणि सगळ्यांत अवघड म्हणजे साक्याचा फोटो.

साका म्हणजे वरून देखणं फळ, कापलं की आत पांढुरकी, आंबट गाठ. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, जमिनीची उष्णता लागली, तर हा दोष वाढतो. बाहेरून तो बागायतदारालाही दिसत नाही. आंबा काही कारखान्यातलं बिस्कीट नव्हे. पण आपण डेस्कवर बसून फोटो पाठवतो, वर एक स्टार ठोकतो आणि मोकळे होतो. काकू अशा वेळी वाद घालत नाहीत, पुढच्या पेटीत फळ वाढवून देतात. आजचं नुकसान झालं तरी चालेल, पुढच्या एप्रिलला त्याच नंबरवरून मेसेज यायला हवा, एवढाच हिशेब. जुन्या पट्टीत हे उत्तर देणं कधी नव्हतंच. भाव ठरवायचा हक्क मिळाला, त्याच्यासोबत हे ओझंही आलं.

नाव टाइप करायला पैसे लागत नाहीत

पण काकूंची खरी स्पर्धा शेजारच्या बागेशी नाहीच. ती आहे त्या सर्चमधल्या ढिगाशी. परराज्यातून आलेला आंबा 'रत्नागिरी' किंवा 'देवगड' म्हणून खपवणं हा जुनाच उद्योग. तो आंबा वाईट असतो असंही नाही. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या भावानं विकला तर कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पूर्वी त्यासाठी निदान खोटी पेटी छापावी लागायची. आता नुसतं नाव टाइप केलं की झालं.

आणि मार खातो तो खरा माणूस. राखण, फवारणी, काढणी, पॅकिंग, वाहतूक असा सगळा खर्च करून काकू भाव सांगतात, तेव्हा समोरून उत्तर येतं, 'अहो, ऑनलाइन तर रत्नागिरी हापूस याच्या निम्म्यात मिळतोय!' ज्या नेटनं गिऱ्हाईक दारात आणलं, त्याच नेटनं नाव फुकट वाटून टाकलं.

यावर पहिला उपाय कायद्याचा. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. त्याखाली बागायतदारांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. दुसरा उपाय तंत्राचा. २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं फळावर युनिक कोडचं सील लावायला सुरुवात केली. स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग आतल्या बाजूचा नंबर विचारला जातो. तो जुळला तर आंबा कुठून आला ते कळतं. थोडक्यात काय, पेटीवरचा जुना मार्का आता एकेका फळावर उतरतोय. आणि तो वाचायला मुरलेला व्यापारी लागत नाही, तुमचा फोन पुरतो.

भाट्याला ठाऊक असलेली गोष्ट

परतताना भाट्याचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागलं. १९५५ सालचं हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. इथल्या एका संकरित जातीच्या नावातच गाव आहे : कोकण भाट्ये नारळ संकर-१. रोपं न्यायला लोक लांबून येतात. आता विचार करा, नारळाचं रोप हातात घेतलं तर तुम्हा-आम्हाला त्यातलं काय कळणार? फळ धरायला काही वर्षं जाणार. फसगत झाली तर तेव्हा कळणार. तरी माणूस इथे येतो, कारण रोप कोणी दिलं हे त्याला ठाऊक असतं. मालाची परीक्षा नंतर होते, आधी बघितला जातो तो देणारा.

ऑनलाइन खरेदीत आपण नेमकी हीच पायरी गाळतो. रेटिंग बघतो, डिस्काउंट बघतो, डिलिव्हरीची तारीख बघतो. समोर विकणारा कोण आहे, हे मात्र बघायचं राहून जातं.

ऑर्डरआधी दोन मिनिटं

तर मंडळी, पुढच्या वेळी पेटी मागवताना एवढं नक्की करा.

विकणाऱ्याला गाव विचारा. नुसतं 'रत्नागिरी' नाही, बाग कुठल्या गावात आहे ते. खऱ्या बागायतदाराला हा प्रश्न आवडतो, मग तो मोहोरापासून सगळं सांगत बसतो.

जीआयची नोंदणी आहे का, पेटीवर किंवा फळावर कोड आहे का, ते बघा. आणि कोड असेल तर स्कॅन करा की! नुसता शोभेला असलेला कोड कोणीही छापतो.

कॅलेंडर बघा. हापूसचा मुख्य हंगाम एप्रिल-मे. जानेवारीत स्वस्त आणि मस्त हापूसचा पूर आला असेल, तर तो कुठल्या बागेतून वाहतोय हे विचारायला हरकत नाही.

एखाद्या फळात साका निघाला तर स्टार कापण्याआधी फोन करा. बहुतेक वेळा पलीकडे कोणीतरी वही घेऊन बसलेलं असतं.

आणि आंबा आवडला, तर तो नंबर सेव्ह करा. पुढच्या वर्षी सर्च करायची गरजच पडणार नाही.