कोलारचे सोने आणि पांढऱ्या टेकड्या

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना खाण म्हणजे काय हे सांगावयास नको. या रस्त्यालगतच्या डोंगरांतून निघालेल्या दगडाने आणि खडीने किती इमारती उभ्या केल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि रविवारी आपण त्याच डोंगरांत हवा खावयास जातो. दगडाच्या जागी सोने असते तर काय झाले असते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी एकदा कोलारला जाऊन यावे. आम्ही गेलो होतो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. पुढे लिहिले आहे ते काही पुस्तकांतून आणि काही जुन्या खाणकामगारांच्या दारात बसून मिळवलेले आहे.

कोलार हे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होते. तेथील माणसे माती धुऊन सोने काढतात, ही गोष्ट इंग्रजांच्या कानी गेली ती टिपू पडल्यावर. १८०२ साली जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट सरहद्दीची मोजणी करीत होता. त्याने बक्षीस लावले, तेव्हा गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्या डोळ्यांदेखत धुतली आणि सोन्याचे कण दाखवले. हा वृत्तांत छापलेला लॅव्हेल या आयरिश निवृत्त सैनिकाच्या वाचनात १८७१ च्या सुमारास आला. त्याने म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला, परंतु खोल खणावयास लागणारे भांडवल त्याच्यापाशी नव्हते. १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर कंपनी आली आणि खरी खाण सुरू झाली. म्हणजे सोने दाखवणारे गावकरी, वाचणारा लॅव्हेल आणि नेणारे टेलर. असो.

१९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून या खाणींना वीज आणली. बंगळूर शहरात दिवे लागावयाला अजून तीन वर्षे होती! त्या विजेने पाळणे खोल उतरू लागले. चॅम्पियन रीफ ही खाण शेवटी तीन किलोमीटरांहूनही खोल गेली. इतक्या खोलीवर खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला असतो. वरून थंड हवा सोडल्याखेरीज माणूस तेथे उभा राहू शकत नाही. शिवाय वरच्या दाबाने खडक एकाएकी फुटतो, आणि त्याखाली माणसे सापडतात. जे यातून वाचले त्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसली. हे कामगार बहुतांशी तमिळ, त्यांतही दलित. साहेबांना बंगले व क्लब, यांना बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्या. १९३० साली प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेण्याचे फर्मान निघाले, तेव्हा या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी काम बंद केले. ४ नोव्हेंबर १९४६ रोजी पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार ठार झाले. संघटनेत काम करणाऱ्याला ही तारीख माहीत असावयास हवी. आम्हांला ती तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हती, हे कबूल करतो.

आता तेथे पाहावयाचे काय? प्रवासी प्रथम धावतात ते पांढुरक्या सपाट माथ्याच्या टेकड्यांकडे. २०१८ च्या ‘केजीएफ’ चित्रपटानंतर तर तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघच लागली. परंतु त्या निसर्गाच्या टेकड्या नव्हेत. खडक दळून पीठ करावयाचे, सायनाइडच्या पाण्यात त्यातील सोने विरघळवून घ्यावयाचे आणि उरलेले पीठ बाहेर टाकावयाचे, असे शंभर वर्षे चालले. त्याचे हे ढीग. सुमारे सव्वातीन कोटी टन! वारा सुटला की त्याची धूळ वस्तीत शिरते. लांबून पाहावे, वर चढू नये. पायी फिरण्याची हौस असेल त्यांनी कोलार गावाशेजारच्या अंतरगंगेच्या डोंगरावर जावे. दगडी नंदीच्या मुखातून झऱ्याचे पाणी पडते, वर मोठमोठ्या शिळांमधून गुहा आहेत. पालार नदीवरचे बेतमंगलाचे तळेही शांत आहे.

चॅम्पियन रीफचे आणखी एक नवल असे, की १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह याच खाणीत दोन किलोमीटरांहून खोल उपकरणे मांडून वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला.

१९५६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. एकंदर आठशे टनांवर सोने निघाले, पण अखेरीस टनभर दगडातून जेमतेम तीन ग्रॅम मिळेनासे झाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. पंप बंद पडले, खोल बोगदे पाण्याने भरले. आमच्या एका कारखान्याला टाळे लागले त्या रात्री आम्ही गेटावर बसून होतो. त्यामुळे तेथील एका म्हाताऱ्याने शेवटच्या भोंग्याची हकीकत सांगितली तेव्हा पुढचे सारे विचारावेसे वाटले नाही.

जाणाऱ्यांनी कल्याणहून बंगळूरची गाडी धरावी. पुढे बंगारपेठ, आणि तेथून फाट्यावरचे शेवटचे स्थानक मारिकुप्पम. खाणीसाठी घातलेला हा लोहमार्ग आजही चालू आहे. मुक्काम केलात तर पहाटे स्थानकावर जा. खाणकामगारांची मुले व नातवंडे डबे घेऊन बंगळूरच्या कामावर निघालेली असतात, आणि गाडी मारिकुप्पमलाच भरते.