बंद खोलीतील विस्तव

मुलांनो, थंडीच्या दिवसांत नेरमधील एखाद्या जुन्या घराच्या अंगणात सकाळी तांब्याचा बंब पेटलेला तुम्ही पाहिला असेल. बंबाच्या मधून एक नळी वर जाते. त्या नळीत पऱ्हाट्या, तुराट्या किंवा लाकडाचे तुकडे जळतात आणि भोवतीचे पाणी तापते. बंबाच्या तळाशी जाळी असते. राख खाली पडावी म्हणून ती ठेवली आहे, असे आपल्याला वाटते. पण ही जाळी राखेने बुजली, की काय होते? विस्तव मंदावतो आणि डोळे चुरचुरतील इतका धूर होतो. राख उपसली, की तोच विस्तव पुन्हा धडधडू लागतो.

असे का होते? तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर जाते आणि तिच्या जागी नवी हवा जाळीतून आत ओढली जाते. म्हणजे जाळी हे बंबाचे नाक आहे. हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन असतो. जळण्यासाठी तो लागतोच.

पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवून पाहा. थोड्याच वेळात ज्योत विझते. पेल्यातील सगळा प्राणवायू संपला म्हणून ती विझली, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. प्राणवायू २१ भागांवरून सुमारे १६ भागांवर आला, की मेणबत्ती विझते.

कोळसा मात्र असा लवकर विझत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. शेगडीतील, म्हणजे तुमच्या घरच्या अंगीठीतील निखारे कमी हवेतही धुमसत राहतात. भरपूर हवा मिळाली, तर कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली, तर जळणे अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके धरते, त्याच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे ते या वायूला धरते. मग शरीराला प्राणवायू पोचवणार कोण? झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही. ऊब मिळावी म्हणून शेगडी आत घेऊन, दारे-खिडक्या लावून निजणे याकरिताच घातक आहे. निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून निश्चिंत राहू नका.

ही गोष्ट फक्त गरिबाच्या घरात घडते असे नाही. एमिल झोला हे फ्रान्सचे जगप्रसिद्ध कादंबरीकार. १९०२ साली पॅरिसमधील त्यांच्या घरात शयनगृहाच्या शेकोटीचे धुराडे बुजलेले होते. रात्री कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचला आणि झोला मरण पावले. त्यांच्या पत्नी कशाबशा वाचल्या.

आता बंबाच्या जागी पुष्कळ घरांत गॅस गिझर आला आहे. बंब अंगणात होता. गिझर मात्र न्हाणीघराच्या भिंतीवर चढला. जरा हिशेब करू. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. त्याला जवळजवळ दोन घनमीटर हवा हवी. चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा असते! दार बंद, झरोका नाही किंवा थंडी लागते म्हणून त्यात कापड कोंबलेले. शिवाय आंघोळ करणाराही तीच हवा घेतो. प्राणवायू घटू लागला, की ज्योत अर्धवट जळू लागते. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या घाटकोपर भागात होळीच्या दिवसांत एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच आला होता.

गॅस गळला तर वास येतो, कारण तो कळावा म्हणून कंपनी त्यात वासाचे द्रव्य मिसळते. पण इथे गॅस गळलेला नसतो, तो जळत असतो. म्हणून वासाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्योतीकडे पाहा. निळी ज्योत चांगली. ती पिवळी दिसू लागली किंवा भिंतीवर काजळी धरली, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर घाण झाला आहे असे समजा. गिझर व सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असणे सर्वांत चांगले. पाणी नळाने आत आणता येते. ते जमत नसेल, तर आधी दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. झरोका नेहमी मोकळा ठेवा. पंखा लावला तरी नवी हवा आत यायला दाराखाली फट हवीच.

आंघोळ करताना डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले किंवा पाय लटपटू लागले, तर साबण अंगावर असला तरी लगेच बाहेर या. आत कोणी पडलेले दिसले, तर मोठ्यांना हाक मारा, दार उघडा, गॅस बंद करा आणि त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा. दवाखान्यात गेल्यावर गॅस गिझर किंवा शेगडी चालू होती, हे डॉक्टरांना आधी सांगा. साध्या चक्करेत आणि या विषबाधेत वरवर फरक दिसत नाही. रक्ताची कोणती तपासणी करायची, हे त्यांना त्यावरूनच समजते.