पात किती तास ओली होती?

बेळगावचं उद्यमबाग म्हटलं की फौंड्री, लेथ, हायड्रॉलिक्सचे कारखाने आठवतात. पण पाळी संपवून मजगाव, पिरनवाडी, मच्छेकडे परतणाऱ्यांतले कित्येक जण संध्याकाळी शेतकरी होतात. सप्टेंबरात रानात कांदा उभा असला की दुकानदाराला विचारलं जातं, "करप्यावर कुठलं औषध मारू?" त्याआधी विचारायचं ते राहून जातं: काल रात्री पात किती तास ओली होती?

करप्याची बुरशी बहुधा रानातच असते. मागच्या हंगामाच्या वाळक्या पातीवर ती तग धरते, वाऱ्याबरोबर बीजाणू नव्या पातीवर येऊन पडतात. हवा उबदार असली आणि पात बराच वेळ ओली राहिली की ते रुजतात. दिवसाच्या एका जोरदार सरीपेक्षा रात्रभरची भुरभुर आणि सकाळचं दाट धुकं म्हणूनच जास्त घातक. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पश्चिमेला पाऊस धो धो, तर रामदुर्गकडे जेमतेम. त्यामुळे दिनदर्शिका बघून ठरवलेली एकच फवारणी जिल्हाभर लागू पडत नाही.

शिवाय करपा एक नाही. जांभळ्या करप्यात पातीवर आधी पांढुरका, किंचित खोलगट ठिपका येतो. तो लांबट होतो, मध्ये जांभळट पडतो आणि भोवती पिवळी कड दिसते. तपकिरी करप्यात पिवळसर-नारिंगी चट्टे लांबत जाऊन शेंड्याकडून पात वाळते. काळ्या करप्याची बुरशी कोलेटोट्रिकम. त्यात पात पिळवटते, मान लांबते आणि कांदा पोसतच नाही. पीळ रोग म्हणतात तो हाच, आणि खरिपात त्याची धास्ती मोठी.

फुलकिडे या साऱ्याला हातभार लावतात. ते पात खरवडून रस शोषतात आणि त्या जखमांतून बुरशीला आयती वाट मिळते. फुलकिडे मोकळे सोडून नुसतं बुरशीनाशक मारणं म्हणजे अर्धंच काम.

पावसाने काय होतं ते २०१९ साली दिसलं. परतीच्या पावसाने महाराष्ट्र-कर्नाटकातला खरीप कांदा झोडपला. सप्टेंबरअखेर निर्यातबंदी झालीच होती, तरी डिसेंबरात बेंगळुरूत किलोला २०० रुपये मोजावे लागले.

पाऊस आपल्या हाती नसतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भर म्हणूनच आधी रानाच्या बांधणीवर आहे. गादीवाफा उंच हवा, पाणी साचता कामा नये आणि त्याच रानात लागोपाठ कांदा घेऊ नये. युरियाचा उशिरा दिलेला हप्ता पात लुसलुशीत करतो, आणि अशी पात करप्याला लवकर बळी पडते. कांदा हिरवागार दिसतो म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तुषार सिंचन असेल तर पाणी सकाळी द्यावं, म्हणजे पात दिवसा वाळते.

फवारणीतली सगळ्यात स्वस्त वस्तू मात्र हमखास विसरली जाते: औषध पातीला चिकटवणारं स्टिकर. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, द्रावणाचे थेंब त्यावरून घरंगळून मातीत जातात. महागडं औषधही मग वाफ्यालाच मिळतं. ठिपके दिसताच मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, स्टिकर मिसळून, ही जुनी शिफारस. ढगाळ हवा टिकली तर १० ते १५ दिवसांनी पुढची फवारणी हेक्झाकोनॅझोलसारख्या वेगळ्या गटातल्या औषधाची घ्यावी. तेच ते मारत राहिल्यास बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

काढणीनंतर रोगट पात बांधावर टाकू नका, गोळा करून नष्ट करा. आणि औषधाच्या लेबलवर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं ते छापलेलं असतं. पंप भरण्याआधी तेवढं वाचा.